पिल्लू नेण्याआधी

बसा. बूट राहू द्या पायांत,
या फरशीला चिखलाचं नवल नाही.
थूनहून आलात ना, दोन बसा बदलून?
मग आधी कॉफी. पिल्लं कुठे पळून जात नाहीत.
म्हणजे पळतात,
पण चार पावलांवर आपल्याच पायांत अडकून पडतात.

ही यांची आई, झेंटा.
बर्नीज. वजन बेचाळीस किलो,
आणि स्वतःला मांडीवरचं मांजर समजते.
आत्ता तुमच्या गुडघ्याला रेलली ना,
तो यांचा नमस्कार:
सगळा भार तुमच्यावर सोडायचा
आणि बघायचं, माणूस टिकतो का.
तुम्ही टिकलात. साखर घ्या.

काळा, विटकरी, पांढरा, रंग तीनच.
छातीवरचा पांढरा क्रूस सरळ उतरला
तर लोक चार पैसे जास्त मोजतात.
त्या कोपऱ्यातल्याचा वाकडा आलाय,
डाव्या हातानं काढल्यासारखा.
आणि भुवयांवरचे हे ठिपके पाहा.
सासरा म्हणायचा, चार डोळ्यांचं कुत्रं,
दोन झोपले तरी दोन गोठ्यावर.
सासरा पुष्कळ काही म्हणायचा.

त्याच्या काळी हे दूध ओढायचे.
बेरी नावाचा होता. छोटी लाकडी गाडी,
दोन कॅन, आणि खाली चीजघरापर्यंतचा उतार.
सोबत माणूस लागत नसे.
माझा नवरा जन्मला त्या पहाटे
सासऱ्यानं गाडी जुंपली, पण कॅन ठेवायला विसरला.
बेरी रिकामी गाडी घेऊन गेला,
रांगेत उभा राहिला,
आपली पाळी आली तशी पुढे सरकला,
आणि परत आला.
चीजवाल्यानं वहीत लिहिलं:
लिटर, शून्य. कुत्रा, वेळेवर.
ती वही गोटफ्रीडकडे आहे अजून.
ओरडून मागावी लागेल, त्याला ऐकू कमी येतं.

चौथा मजला म्हणालात?
पहिलं वर्ष जिने चढू देऊ नका, उचलून न्या.
पुढे उचलता येणार नाही, प्रश्न मिटला.
जुलैत तो न्हाणीघराची गार फरशी अडवील,
तुम्ही त्याला ओलांडून दात घासाल.
केस लोण्यात निघतील.
काढायचे आणि पाव खायचा.
बांधून ठेवायचा असेल तर आत्ताच सांगा,
कॉफी संपवा, मी परतीच्या बसची वेळ सांगते.
याला अंगण नसलं तरी चालतं,
माणूस नसला की हा विझतो.

काय म्हणालीस, रिग्बे?
नाही, आईकडे बघू नकोस, विचार तू.

सात वर्षं.
आठ, नशीब असलं तर.
झेंटाची आई दहा जगली, पण ती हट्टीच होती.
गोटफ्रीड म्हणतो, हे गिऱ्हाईक गेल्यावर बोलावं.
मी कॉफी झाल्यावर बोलते,
तोवर कुणीतरी विचारतंच, आणि ते नेहमी
घरातलं सगळ्यात लहान माणूस असतं.

बोटं मोज, मोज.
तू नऊ. नऊ आणि आठ, सतरा.
हो, तेवढाच.
तुझ्या शाळेइतका.
मी ही बेरीज अकरा वेळा केली आहे,
त्या नासपतीच्या झाडाखाली,
आणि दर वेळी फावडं धुऊन ठेवताना
म्हटलंय, बस झालं आता.
मग गोठ्यात असं काहीतरी कुईं करतं.

बाई, तुम्ही वृद्धाश्रमात काम करता ना?
मग तुम्हाला मी काय सांगणार.

कुठला? तो?
वाकड्या क्रुसाचा?
सरळवाला तुझ्या बुटाची नाडी खातोय, तरी तो?
बरं. गोटफ्रीड! वही!

तारीख. पिल्लू, एक. क्रूस, वाकडा.
हे फडकं राहू द्या त्याच्यापाशी, आईचा वास आहे.
रात्री रडेल, तर जमिनीवर झोपा त्याच्याशेजारी,
पाठ धरेल तुमची, त्याची नाही.

निघा, पाच वीसची बस आहे.
ड्रायव्हर पिल्लाचं तिकीट मागणार नाही.
मागितलंच, तर झेंटाचं नाव सांगा.